पिकअपची डिस्क बदलायची आहे? आधी हब मोजा, मग दुकान गाठा

नाशिकमध्ये पिकअपच्या दोन जाती दिसतात. एक कष्टाची. ती पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन पिंपळगावला, उन्हाळ कांदा घेऊन लासलगावला, नाहीतर पुठ्ठ्याची खोकी घेऊन सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फिरते. दुसरी हौसेची. टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस, आठवडाभर सोसायटीत उभी आणि रविवारी त्र्यंबककडे. हे मार्गदर्शन मुख्यतः पहिल्या जातीसाठी आहे. हौसेच्या गाडीवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण त्यांच्या चुका पैशांवर निभावतात. मालाच्या गाडीची चूक भर घाटात, दीड टन माल पाठीवर असताना उघडी पडते.

इथे डिस्क म्हणजे लोखंडी किंवा अलॉय चाक, टायर सोडून. टायरचा विषय पुढे येईलच, कारण एकाचं माप ठरवताना दुसऱ्याला सोडता येत नाही.

डिस्क खरंच गेली आहे का?

गाडी साठच्या पुढे थरथरायला लागली की लोक थेट डिस्कचा भाव विचारत फिरतात. थरथर मात्र बेअरिंगची असू शकते, बॉल जॉइंटची असू शकते, टायरला आतून आलेल्या फुग्याची असू शकते किंवा नुसतं बॅलन्सिंगचं शिसं पडलेलं असू शकतं. म्हणून आधी सपाट जागी गाडी लावा, मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवून बघा. खडखड लागली तर मेकॅनिककडे जा, डिस्कचा दोष नाही.

खडखड नसेल तर चाकाशेजारी वीट ठेवा, तिच्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवा आणि त्याचं टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरा. टायरच्या नव्हे, रिमच्या. आता चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि कड यांतलं अंतर दोन मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त होत असेल तर डिस्क आउट, म्हणजे वाकडी, आहे. लोखंडी डिस्कची नुसती कड वाकली असेल तर ती प्रेसवर सरळ होते आणि तेवढ्यावर काम भागतं. नवी घेण्याची घाई करू नका.

चाक उतरवलं की ते धुवा आणि बॅटरीच्या उजेडात नटाच्या भोकांभोवती नीट बघा. तीन गोष्टी दिसल्या तर ती डिस्क पुन्हा गाडीला लावायची नाही. पहिली, भोक गोल न राहता लांबट झालेलं. दुसरी, भोकापासून निघालेली केसाएवढी तांबूस रेघ. ही तडा असते आणि तिच्यात गंज धरल्यामुळे ती रंगाने ओळखू येते. तिसरी, मधली थाळी आणि बाहेरची रिम जिथे जोडलेली असते त्या वेल्डवर चीर. नटाखालून गंजाचा बारीक ओघळ आलेला असेल तर तो नट बरेच दिवस ढिला फिरत होता असं समजा आणि स्टडही, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, तपासा. ‘भाऊ, वेल्डिंग मारून देतो, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून निघा.

कागद-पेन घ्या आणि आकडे उतरवा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक स्टिकर असतो. त्यावर टायरचं माप आणि पुढच्या-मागच्या चाकांची हवा छापलेली असते. जुन्या गाडीवर स्टिकर उडालेला असेल तर मालकाच्या पुस्तिकेत बघा. गाडीला आत्ता जे टायर आहेत तेच कंपनीचं माप, असं धरून चालू नका. सेकंडहँड पिकअपमध्ये आधीच्या मालकाने काय काय बसवलेलं असतं ते त्यालाच ठाऊक.

मग जुन्या डिस्कच्या आतल्या बाजूला घासून बघा. तिथे ‘६जे × १५’ असा मजकूर ठोकलेला असतो. यातला ६ म्हणजे रिमची रुंदी इंचात, १५ म्हणजे व्यास इंचात आणि ‘जे’ म्हणजे कडेचा आकार. पुढे ‘एच२’ असेल तर टायरची बीड, म्हणजे रिमवर बसणारी त्याची कड, घसरू नये म्हणून आत दोन्ही बाजूंना उंचवटे आहेत. ट्यूबलेस टायर लावायचा तर हे उंचवटे हवेतच. ट्यूबच्या जुन्या सपाट रिमवर ट्यूबलेस चढवून देणारे आहेत, पण हवा कमी झाली की वळणावर बीड सुटते.

आता पीसीडी, म्हणजे सगळे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. सहा नटांची डिस्क असेल तर समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. मध्य शोधत बसू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत टेप लावला की तेच अंतर मिळतं. पाच नटांच्या डिस्कमध्ये समोर भोकच नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. शेजारचं अंतर ८२.१ मिलिमीटर आलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असलेली डिस्कही नट आवळून बसवता येते आणि खरी भानगड तीच. बसते, पण स्टड वाकलेल्या अवस्थेत ताणात राहतात आणि एक दिवस तुटतात.

मधलं मोठं भोक, म्हणजे सेंटर बोअर, व्हर्नियरने मोजा. याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हींचा पीसीडी ६ × १३९.७ आहे, त्यामुळे दुकानदार एकाची डिस्क दुसऱ्याला खुशाल दाखवतो. पण हायलक्सचं सेंटर बोअर १०६.१ मिलिमीटर आणि व्ही-क्रॉसचं १००.१. व्ही-क्रॉसची डिस्क हायलक्सच्या हबवर, म्हणजे चाक ज्या गोल भागावर बसतं त्यावर, चढणारच नाही. हायलक्सची डिस्क व्ही-क्रॉसवर चढेल, पण हबभोवती तीन मिलिमीटर फट राहील आणि डिस्क हबवर न टेकता नुसत्या नटांच्या भरवशावर राहील. हौसेच्या गाडीला मधे रिंग घालून हे निभावतं. मालाच्या गाडीला हबवर घट्ट बसणारी डिस्कच घ्या.

वजन: इथे कंजुषी नको

प्रत्येक चांगल्या डिस्कवर ती किती किलो पेलते ते ठोकलेलं असतं. हा आकडा न बघता डिस्क घेणं म्हणजे क्षमता न विचारता लिफ्टमध्ये सिमेंटची पोती रचणं.

हिशेब असा करा. आरसी बुकात एकूण भारित वजन लिहिलेलं असतं. समजा ते ३,००० किलो आहे. भरलेल्या पिकअपमध्ये यातला मोठा वाटा मागच्या धुरीवर जातो. तो ६५ टक्के धरला तर १,९५० किलो, म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर ९७५. तुमच्या डिस्कवरचा आकडा याच्या वर हवा, आणि चांगला वर हवा, कारण खड्ड्यात आपटल्यावर क्षणभर चाकावर येणारा भार उभ्या गाडीच्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो. साध्या मोटारींच्या अलॉयवर बऱ्याचदा ६००-७०० किलोच्या घरातला आकडा दिसतो. दिसायला त्या दणकट असतात, भोकंही जुळू शकतात, पण पिकअपच्या मागच्या धुरीवर त्यांचं काम नाही.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर सोपा उपाय हाताशी आहे. बाजार समितीच्या आवारात आणि आसपास वजनकाटे असतातच. नेहमीचा माल भरून आधी पूर्ण गाडीचं वजन करा. मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर राहतील अशी उभी करा आणि पुन्हा वजन करा. काटेवाला कुरकुरेल, पण दुसऱ्या पावतीचे पैसे दिले की करून देतो. त्या पावतीवरच्या आकड्याचा निम्मा भाग म्हणजे तुमच्या मागच्या एका चाकाचा खरा भार. खुला कांदा एका बाजूला जास्त रचला गेला असेल तर एका चाकावर निम्म्याहून अधिक येतो, तोही विचारात घ्या. आणि पावतीवरचं एकूण वजन आरसीपेक्षा जास्त निघालं तर प्रश्न डिस्कचा उरत नाही. जाड डिस्क घातली म्हणून स्प्रिंगचे पाटे, ब्रेक आणि धुरी काही जाड होत नाहीत.

टायरवरही असाच आकडा असतो, फक्त सांकेतिक. लोड इंडेक्स १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०७ म्हणजे ९७५, ११० म्हणजे १,०६० आणि ११२ म्हणजे १,१२०. ‘१०९/१०७’ असे दोन आकडे दिसले तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. पिकअपला मागे एकेरीच चाक असतं, म्हणून पहिला आकडा बघा. डिस्क आणि टायर यांत जो कमी पेलतो, तीच तुमची मर्यादा.

लोखंडी की अलॉय

मालाच्या गाडीला लोखंडी. माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यात पेठ रस्त्याला सावळघाटात किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना पाण्याने भरलेला खड्डा आधी दिसत नाही. लोखंडी डिस्क आपटली तर वाकते आणि तुम्ही हळूहळू घरी पोहोचता. हलकी अलॉय आपटली तर तिला तडा जातो आणि हवा तिथेच जाते. शिवाय लोखंडी डिस्क कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते.

हौसेच्या गाडीला अलॉय घ्यायचीच असेल तर आतल्या बाजूच्या खुणा बघा. ‘जेडब्ल्यूएल’ ही जपानी मानकाची खूण प्रवासी गाड्यांच्या चाकांसाठी असते. ‘जेडब्ल्यूएल-टी’ ही ट्रक आणि बसच्या चाकांसाठी. अधूनमधून सामान वाहणार असाल तर दुसरी शोधा. सोबत ‘व्हीआयए’ असेल तर चाचणी त्रयस्थाकडे झालेली आहे. अर्थात खूण ओतणं अवघड नाही, म्हणून पक्कं बिल आणि माहितीतलं दुकान या दोन गोष्टी खुणेइतक्याच महत्त्वाच्या.

ऑफसेट

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सावकाश. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा काढा. डिस्क हबला जिथे टेकते ती जागा या रेषेच्या जितकी बाहेर, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, तितका धन ऑफसेट. ‘ईटी ३०’ म्हणजे ३० मिलिमीटर बाहेर. शून्य म्हणजे बरोबर मध्यावर. आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीबाहेर येतं.

चाक बाहेर आलं की गाडी ‘भरलेली’ दिसते, म्हणून पोरांना कमी किंवा ऋण ऑफसेटच्या रुंद डिस्क आवडतात. एक उदाहरण घ्या. मूळ डिस्क ६जे, ईटी ३०. नवी ८जे, ईटी ०. रुंदी दोन इंचांनी वाढली म्हणजे प्रत्येक बाजूला २५ मिलिमीटर. ऑफसेट घटल्याने आणखी ३० मिलिमीटर बाहेर. एकूण चाकाची बाहेरची कड ५५ मिलिमीटर बाहेर सरकली आणि गाडी दोन्ही बाजू मिळून ११ सेंटिमीटर रुंद झाली. आता प्रत्येक खड्ड्याचा धक्का बेअरिंगवर लांब दांड्याने मारल्यासारखा बसतो, स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात हातातून ओढलं जातं आणि चिखल मडगार्ड सोडून थेट दारांवर उडतो. बेअरिंग वारंवार जायला लागली की मेकॅनिक बेअरिंगला नावं ठेवतो. दोष डिस्कचा असतो.

उलट्या बाजूची चूकही होते. ऑफसेट जास्त झाला तर चाक आत सरकतं आणि ब्रेकचा कॅलिपर, स्टिअरिंगचा टाय रॉड किंवा पाट्याला घासतं. म्हणून कंपनीच्या आकड्याच्या आसपासच राहा. पाच-सात मिलिमीटरचा फरक सहसा पचतो. हब आणि डिस्कच्या मधे जाड चकती (स्पेसर) घालून जुळवून घेण्याचा सल्ला मालाच्या गाडीसाठी मला पटत नाही.

चाचणी रिकाम्या गाडीवर करू नका. एकच नवी डिस्क टायरसकट आधी पुढे बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि आत बोट घालून फट बघा. मग तीच मागे बसवा, माल भरा, पाटे दबू द्या आणि पुन्हा बघा. रिकाम्या गाडीत तळहात मावणारी जागा भरल्यावर दोन बोटांची उरते.

टायरचं माप बदलायचं का

शक्यतो नाही. तरी हिशेब यायला हवा. २१५/७५ आर १५ मध्ये २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. म्हणजे १६१ मिलिमीटर वर, १६१ खाली आणि मध्ये १५ इंचाचे ३८१. एकूण सुमारे ७०३. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर ७३३. चाक सव्वाचार टक्के मोठं झालं. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वेगात असते, आणि चढावर इंजिनाला तेवढाच जास्त जोर लागतो. कसारा घाटात भरल्या गाडीला हा फरक कळतो.

हायलक्समध्ये कंपनीनेच हे कसं सांभाळलंय ते बघण्यासारखं आहे. २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६ मिलिमीटर आणि २६५/६० आर १८ चा ७७५. डिस्क इंचाने वाढली, टायरची भिंत तेवढीच बुटकी झाली, बाहेरचा व्यास जागेवर. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते, ते सर्वांत बिनधोक.

रिमच्या रुंदीलाही टायरची मर्यादा असते. २१५/७५ आर १५ ला साडेपाच ते सात इंची रिम चालते. आठ इंचीवर तो ताणला जातो. फोर बाय फोर गाडीत चारही चाकांचा घेर सारखा हवा, नाहीतर गिअरबॉक्सचं काम निघतं.

पासिंग

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. व्यावसायिक पिकअपला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं. मडगार्डबाहेर आलेली चाकं घेऊन पेठ रोडला आरटीओत गेलात तर जुन्या डिस्क शोधत परत यावं लागेल. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, हेही तिथेच बघतात.

घ्यायची कुठून

पहिली चौकशी कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर करा, चॅसिस नंबर देऊन. भाव जास्त वाटला तरी नेमका पार्ट नंबर कळतो आणि तो घेऊन आग्रा रोडवर, द्वारकेपासून आडगाव नाक्यापर्यंत बाकीच्यांशी बोलता येतं. पूर्वी जुन्या डिस्क म्हटलं की लोक अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात जात. २०१७ मध्ये महापालिकेने तो हटवला. भंगारवाले विखुरले, धंदा काही थांबला नाही.

जुनी डिस्क घेताना ती दुकानाच्या फरशीवर आडवी ठेवा आणि चारही बाजूंनी दाबा. डुगडुगली तर सोडा. ताजा चकचकीत रंग दिसला तर जास्त संशय घ्या. रंगाखाली वेल्डिंग झाकलेलं असतं. नटाच्या भोकांतली तिरकी बैठक नखाने चाचपा, ती गुळगुळीत आणि सगळ्या भोकांत सारखी लागली पाहिजे. दुकानदार ‘बसतंय ना, मग झालं’ म्हणाला तर खिशातला कागद काढा आणि पीसीडी, बोअर, ऑफसेट, किलो हे चार आकडे जुळवा. यातला एकही सांगता येत नसेल तर ती डिस्क तुमची नाही.

सोबत टायर घेत असाल तर आयएसआय खूण आणि चार आकडी तारीख बघा. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला ‘नवा’ टायर सवलतीत दिला जातो. उन्हात माल वाहणाऱ्या गाडीला तो नको.

बसवताना

हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. गंजाची एक खपली मधे राहिली तरी डिस्क तिरकी बसते. नव्या डिस्कच्या टेकणाऱ्या भागावर रंगाचा जाड थर असेल तर तोही घासा, कारण तो दबला की नट ढिले पडतात.

नट डिस्कच्या बैठकीला जुळणारेच हवेत. तिरक्या बैठकीला तिरका, गोल बैठकीला गोल, सपाटला वॉशरवाला. लोखंडीवरून अलॉयवर जाताना जुने नट बहुधा चालत नाहीत. १२ मिलिमीटरच्या स्टडवर दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा नट किमान आठ फेरे चढला पाहिजे. तीन-चार फेऱ्यांत घट्ट झाला तर थांबा, स्टड आखूड आहे किंवा आटे वेगळे आहेत.

सगळे नट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आणि पुस्तिकेतल्या आकड्याने. टायरवाल्याची हवेची गन काम पटकन उरकते, पण स्टड ताणून ठेवते आणि पंक्चर झालं की रस्त्यात तुमच्या पान्याने नट सुटत नाही. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे चालक हायवेला रोज दिसतात.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. सिन्नरला जाऊन परत आलात की तेवढं होतं. घाट उतरून आल्यावर लगेच पाना लावू नका, ब्रेकची उष्णता डिस्कमध्ये असते. गार होऊ द्या. बॅलन्सिंग चारही चाकांचं करा, अलाइनमेंट पुढचं.

आणि स्टेपनी. चार डिस्क बदलल्या आणि गाडीखाली जुन्याच मापाची पाचवी लटकत राहिली, असं फार होतं. नव्या डिस्कचे नट तिला बसतात का, ते घरीच एकदा लावून बघा. बसत नसतील तर जुन्या नटांचा एक संच पिशवीत घालून सीटखाली ठेवा, नाहीतर पाचवी डिस्कही त्याच वेळी घ्या.